पायरेट्सचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे! (दर्या माहीत असलेल्यांनी मत द्यावं)

गिर्येकर

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चं नाव निघालं की जो तो पहिल्या भागाचे गोडवे गातो आणि दुसऱ्याला ‘नुसता पैसा ओतलाय, लांबण लावलंय’ म्हणत मोडीत काढतो. मला हे अजिबात पटत नाही. २००६ साली आलेला दुसरा भाग, ‘डेड मॅन्स चेस्ट’, हा त्या मालिकेतला सर्वोत्तम पिक्चर आहे, आणि समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला तर तो जास्तच भिडायला हवा.

कारण सांगतो. पहिल्या भागात समुद्र ही फक्त वाट आहे. खऱ्या मारामाऱ्या बंदरात, किल्ल्यावर, गुहेत होतात आणि जहाजं माणसांना इकडून तिकडे नेतात. दुसऱ्या भागात समुद्र स्वतः सावकार होऊन बसलाय. बुडालेलं ब्लॅक पर्ल जहाज डेव्ही जोन्सने, म्हणजे दर्यावरच्या शापित कप्तानाने, वर काढून दिलं, चाचा जॅक स्पॅरो तेरा वर्षं त्याचा कप्तान झाला, आता देणं फेडायची वेळ आली. नायक विलचा बाप त्याच सावकाराच्या जहाजावर राबतोय. विल बापासाठी अडकलाय, त्याची एलिझाबेथ विलसाठी. आणि या सगळ्यांच्या वर तो ईस्ट इंडिया कंपनीचा बुटका लॉर्ड बेकेट, ज्याच्या हातात तलवार नाही, फक्त कागद आहेत. त्याला एवढंच हवंय की डेव्ही जोन्सचं काळीज आपल्या टेबलावर यावं, म्हणजे सगळा समुद्र खिशात.

जोन्सचे खलाशी आठवा. कुणाच्या पाठीवर कालवं, कुणाच्या गालात शंख, एकाचं डोकं तर थेट हातोड्यासारख्या तोंडाच्या मुशीचं. ओहोटीला जेटीच्या खांबांवर जे जे दिसतं ते सगळं माणसांच्या अंगावर उगवलेलं. वर्षानुवर्षं जहाजावर राहिलेला माणूस हळूहळू जहाजाच्या लाकडात रुतत जातो. ज्याला हे सुचलं त्याला समुद्र कळलाय, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

आणि चाकावरची तलवारबाजी! तिघे काळजाच्या पेटीच्या एकाच किल्लीसाठी भांडतात पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं. विलला बाप सोडवायचाय, जॅकला जीव वाचवायचाय, माजी नौदल अधिकारी नॉरिंग्टनला गेलेली अब्रू परत हवीय. पाणचक्कीचं चाक निखळतं, जंगलातून गडगडत निघतं, आणि हे तिघे त्यावर चढून, आत शिरून, वर धावून तलवारी चालवतायत. इतकी आनंदाने भरलेली मारामारी मी पडद्यावर दुसरी पाहिलेली नाही.

तर तुमचा आवडता भाग कुठला आणि का? ‘पहिला, कारण तो पहिला’ असली कारणं चालणार नाहीत. रेवस-अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या, होडीत पाय ठेवलेल्या लोकांची मतं विशेष हवीत.

आंबोळी_चटणी

पहिला. कारण तो पहिला. आता काय करणार?

चौलची_मेघना

गिर्येकर, लिहिलंय सुरेख, पण मी विरोधी बाकावर. पहिल्या भागाची पटकथा घट्ट विणलेली आहे, एक टाका ओढला तर सगळं उसवेल. दुसऱ्या भागातला नरभक्षकांच्या बेटाचा पूर्ण तुकडा काढून टाका, कथेला काय फरक पडतो? काहीही नाही. हाडांचे पिंजरे गडगडतात, जॅक काठीला बांधलेला पळतो, हसू येतं, झालं. अडीच तासांच्या पिक्चरमध्ये एवढी चैन मला खटकते.

आणि तो तुकडा दुसऱ्या कारणानेही खटकतो. चित्रीकरण डॉमिनिका बेटावर झालं. तिथे आजही कॅरिब लोक राहतात, स्वतःला ते कालिनागो म्हणवतात. आपल्या पूर्वजांना नरभक्षक दाखवण्यावर त्यांच्या प्रमुखांनी उघड आक्षेप घेतला होता. युरोपियन लोकांनी शेकडो वर्षं त्यांच्यावर मारलेला शिक्का, तोच पुन्हा इतक्या पैशांच्या पिक्चरमध्ये. त्यांच्यातल्याच काहींनी त्यात छोटी कामंही केली, रोजगार होता म्हणून. मला ते दृश्य बघताना आता हसू येत नाही.

गिर्येकर

मेघनाताई, आक्षेपाशी शंभर टक्के सहमत, त्या बेटाचं समर्थन मी करणार नाही. पण पटकथेचं म्हणाल तर बेट सोडूनही पिक्चर दोन तासांचा उरतो, आणि ते दोन तास माझ्या मते मालिकेतले सर्वांत भारी आहेत.

फ्रेमबायफ्रेम

मी अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात काम करतो (मूळ गाव गुहागर), त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे: दुसरा भाग. एकट्या डेव्ही जोन्ससाठी.

बऱ्याच जणांना अजून वाटतं की तो रबराचा मुखवटा आहे, निदान डोळे तरी नटाचे खरे आहेत. नाहीत. बिल नाय हा नट सेटवर खुणा लावलेला करडा पोशाख घालून इतर नटांबरोबर प्रत्यक्ष अभिनय करत होता आणि नंतर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या लोकांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत, डोळ्यांसकट, संगणकावर घडवला. त्याआधी अशा कामासाठी नटाला बहुतेकदा वेगळ्या रिकाम्या स्टुडिओत उभं करायचे. इथे तो खऱ्या डेकवर, पाणी अंगावर घेत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतोय, म्हणून त्या चेहऱ्यात जीव आहे. ऑक्टोपससारख्या दाढीतली प्रत्येक सोंड वेगळी हलते. एकीने तो ऑर्गन वाजवतो, एकीने टोपी सारखी करतो. त्या वर्षीचं दृश्य-परिणामांचं ऑस्कर याच पिक्चरला मिळालं. आज इतक्या वर्षांनी मी ती दृश्यं एकेक चौकट थांबवून बघतो आणि कुठे चूक सापडत नाही. हल्लीच्या कितीतरी पिक्चरांबद्दल हे म्हणता येत नाही.

बाबू_मालवणकर

धाग्यार इलंय. आमच्या घरात ह्यो पिक्चर टीव्हीर हिंदीत लागलो काय सगळी बसतत. आजयेक कथा कळना नाय, पण तो दाढीवालो इलो की ती खुर्ची फुडे सरकयता. पयल्यान बघल्यान तेव्हा इचारल्यान, “ह्या माकूल बोलता कसा?” (माकूल म्हणजे स्क्विड) आणि मगे म्हणाली, “येवढ्या माकलाचा सुक्या केला तर अख्खी वाडी जेवात.”

माझा मत दुसऱ्या भागाक. आजयेचा पण धरा.

फ्रेमबायफ्रेम

बाबू, आजीला माझा नमस्कार सांग. ज्यांनी तो घडवला त्यांना ही दाद ऐकवायला हवी.

हर्णैचा_वारा

आमचा ट्रॉलर आहे, लहानपणापासून बोटीवर आहे, म्हणून लिहितो. गिर्येकर म्हणतात ते मला एका वेगळ्या जागी पटलं. क्राकेन (जोन्सचा समुद्रराक्षस) वगैरे सोडा. जोन्सचं जहाज फ्लाइंग डचमन पाठलाग करतं तेव्हा पर्लवर बोलणं होतं की वाऱ्याच्या विरुद्ध डचमन आपल्याला गाठेल, वारा पाठीवर घेतला तर आपण निसटू. आणि तसंच होतं. तोफा नाहीत, जादू नाही, फक्त वारा कुठून आहे त्यावर जीव वाचतो. सिनेमाहॉलमध्ये माझ्या शेजारचा पोरगा त्या वेळी मोबाइल बघत होता, मी खुर्चीच्या टोकाला आलो होतो.

ज्यांना शिडाचं माहीत नाही त्यांच्यासाठी: तसल्या मोठ्या जहाजांची चौकोनी शिडं पाठीमागच्या वाऱ्याला उत्तम ओढतात, पण वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हटलं की त्यांची पंचाईत. आपल्या मचव्या-पडावांचं तिरक्या परबाणावरचं (शीड बांधायच्या काठीवरचं) शीड वाऱ्याच्या जास्त जवळून जाऊ शकतं. आमचे आजोबा पहाटेच्या मतलईवर (जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्यावर) बाहेर पडायचे आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की त्यावर घरी यायचे. इंजिन आल्यावर हे सगळं विसरायला झालं. डिझेल टाकलं की निघालो. तो एक प्रसंग बघताना आजोबा काय बोलायचे ते सगळं कळलं.

रेवदंड्याचा_राजू

क्या बात है वारा! याच कारणासाठी आंग्र्यांची गलबतं इंग्रजांना भारी पडायची ना? कुणी सविस्तर लिहील का? (अवांतर झालं तर माफी, पण अवांतराशिवाय धागा कसला.)

इतिहासवेडी

राजू, लिहिते. आणि अवांतर अजिबात नाही, कारण या मालिकेत आंग्रे स्वतः आलेले आहेत! तिसरा भाग, २००७ चा ‘अ‍ॅट वर्ल्ड्स एंड’. नऊ सागरांच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते, त्यात हिंदी महासागराचा सरदार म्हणून फेटा बांधलेले एक गृहस्थ बसलेले असतात. नाव: श्री संभाजी. कान्होजींचे चिरंजीव संभाजी आंग्रे यांच्यावरूनच हे पात्र बेतलेलं आहे. भूमिका मार्शल मनेश या इराणी वंशाच्या नटाने केली आहे. त्यांच्या वतीने दोन सेवक बोलतात आणि शेवटी ते स्वतः तोंड उघडतात तेव्हा चिरका, बारीक आवाज निघतो, प्रेक्षक हसतात. बस, एवढंच काम.

मी थिएटरात होते. सगळे हसले. माझ्या पोटात गोळा आला.

सुकाणू

हे वाचून डोकं फिरलं. सरखेल आंग्र्यांच्या घराण्यातला माणूस, त्याला विदूषक करून ठेवला! आणि आपण तिकीट काढून बघतो.

शंकासुर

सुकाणू, राग समजतो, पण त्या सभेतले बाकीचे आठ तरी कुठे धीरगंभीर आहेत? फ्रेंच, चिनी, स्पॅनिश, सगळ्यांचीच टवाळी केलीय. आणि ती सगळी बाजू पिक्चरने चांगली ठरवलीय, वाईट कोण तर ईस्ट इंडिया कंपनी. आंग्र्यांना कंपनीविरुद्ध लढणाऱ्यांत बसवलंय हे निदान बरोबर केलं.

इतिहासवेडी

शंकासुर, बाजू बरोबर आहे, खुर्ची चुकलीय. संभाजी आंग्रे चाचे नव्हते. कान्होजींना छत्रपती शाहूंकडून सरखेलपद होतं, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी करून त्यांना शाहूंच्या बाजूला आणलं. म्हणजे राज्याच्या आरमाराचा प्रमुख. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचं दस्तक (परवाना) घ्यावं, नाही घेतलं तर जहाज जप्त, हा नियम होता. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं हेच करत होते, कार्ताझ म्हणायचे. इंग्रजही आपल्या संरक्षणातल्या जहाजांना स्वतःचे परवाने द्यायचे. पोर्तुगीजांनी मागितला तर कर, इंग्रजांनी दिला तर परवाना आणि आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी, हा कुठला न्याय?

आता राजूचा प्रश्न. आंग्र्यांची मुख्य लढाऊ जहाजं म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, खालचा भाग उथळ, आणि नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) पुढे रोखलेल्या दोन तोफा. बरोबर गलबतं, लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. इंग्रजांच्या मोठ्या जहाजाची सगळी ताकद कुशीतल्या (बाजूंच्या) तोफांत. वारा जोरात असेल तर ते जहाज वळून कूस दाखवणार आणि गोळ्यांचा मारा करणार. म्हणून आंग्रे वारा पडायची वाट बघायचे. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी डुलत राहतं. मग वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोरांनी ओढून बरोबर त्या जहाजाच्या पिछाडीला आणायची, जिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत. तिथून नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडांचे दोर तोडायचे. जहाज लुळं पडलं की तलवारी घेऊन वर चढायचं.

डिसेंबर १७३५ मध्ये याच संभाजी आंग्र्यांनी इंग्लंडहून मुंबईला येणारं कंपनीचं ‘डर्बी’ नावाचं मोठं जहाज पकडलं. चिरक्या आवाजाचा तो माणूस आठवा आणि ही लढाई आठवा.

हर्णैचा_वारा

वारा पडायची वाट बघायची! बरोबर आहे. आमच्याकडे अजूनही सकाळी मतलई संपून खारा वारा सुटायच्या आधी मधला तासभर समुद्र तेलासारखा पडलेला असतो. ज्याला ती वेळ माहीत आहे तो त्या वेळी राजा.

गिर्येकर

इतिहासवेडी, तुम्ही माझ्या गावाच्या दारात आलात म्हणून लिहितो. गिर्ये म्हणजे विजयदुर्गाला खेटून. आमच्या रामेश्वर मंदिराच्या आवारात संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. येणारे पर्यटक देवळाचे फोटो काढतात, मग विजयदुर्गाकडे निघतात. समाधीपाशी थांबणारे फार थोडे. आणि वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, खडक खोदून काढलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दुरुस्ती करायची, पुन्हा भरतीला बाहेर सोडायचं. आजही ओहोटीला ती जागा नीट दिसते. आमच्या लहानपणी आम्ही तिथे खेकडे धरायचो.

मला तिसऱ्या भागातला तो प्रसंग दुखतो तो यासाठी. पैसा इतका होता त्यांच्याकडे. एका भोवऱ्यात दोन जहाजं लढवण्यासाठी पामडेलच्या भल्या मोठ्या हँगरमध्ये ती उभी केली, डुलवली, वरून पाऊस पाडला. पण एका माणसाविषयी चार ओळी वाचल्या नाहीत.

आणि तरीही मी या पिक्चरांवर प्रेम करतो, हे आणखी ठासून सांगतो. कारण बेकेट. दुसऱ्या भागात तो काळीज मिळवतो आणि तिसऱ्यात त्या जोरावर एकेक जहाज संपवत जातो. विजयदुर्गाचं काय झालं? १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला, फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाला आले. बंदरात दाटीने उभ्या असलेल्या, संभाजींचे भाऊ तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत अख्खं आरमार जळालं. पुढच्या वर्षी तेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि क्लाइव्हने प्लासी जिंकली. बेकेट लिहिणाऱ्याला हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही, पण कंपनी कशी जिंकते हे त्याने अचूक दाखवलंय: आधी करार, मग दुसऱ्याच्या ताकदीचा वापर, मग सगळंच आपलं.

शंकासुर

गिर्येकर, ‘दुसऱ्याच्या ताकदीचा वापर’ म्हणालात तर पुढचंही बोलू. १७५५-५६ मध्ये कंपनीबरोबर कोण होतं? नानासाहेब पेशवे. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यामुळे पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. आपलंच आरमार आपल्या संमतीने जळालं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले. सगळा दोष बेकेटवर टाकून मोकळं होता येणार नाही.

सुकाणू

तुळाजी पेशव्यांच्या मुलखातही उपद्रव देत होते, हेही सांगा मग. पेशव्यांना दोन्हीकडून अडचण होती.

शंकासुर

अडचण होती, मान्य. पण घरच्या भांडणासाठी इंग्रजांना समुद्राची किल्ली देणं हा त्यावरचा उपाय नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखू शकेल असं ते एकच आरमार होतं.

रेवदंड्याचा_राजू

बाप रे. मी पॉपकॉर्न घेऊन आलो होतो, वही घेऊन बसायला हवं होतं. वाचनखूण साठवली.

हर्णैचा_वारा

सुवर्णदुर्गाचं नाव निघालं म्हणून एक. आमच्या हर्णै बंदरातून समोर सुवर्णदुर्ग दिसतो, तो ज्याने घेतला तो कमोडोर जेम्स. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक मनोरा बांधला, १७८४ मध्ये. त्याला नाव दिलं सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! अजून उभा आहे, लोक बघायला जातात. इकडे आमच्या किल्ल्यावर उतरायला धड जेटी नाही, होडीतून पाण्यात उडी मारायची. आता २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी सगळे आले, तर काही होईल अशी आशा आहे.

इतिहासवेडी

आणि खरे चाचे कोण, हेही एकदा होऊन जाऊ दे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं. यात्रेकरू होते त्यावर, बायका होत्या. जे घडलं ते लिहवत नाही. औरंगजेबाने सुरतेतले कंपनीचे इंग्रज कैदेत टाकले. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्यावर पुढे इंग्लंडमध्ये नाटकं झाली, गाणी झाली, आणि आजचा रंगेल, देखणा, मनाने चांगला पायरेट तिथूनच तयार झाला. जॅक स्पॅरो मलाही आवडतो. पण मला त्या जहाजावरच्या बायकाही आठवतात.

चौलची_मेघना

इतिहासवेडी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा भाग कुणी बोलत नाही.

आमच्या अलिबागेत कान्होजींची समाधी बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून याच कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. मी दरवर्षी शाळेच्या मुलांना तिथे नेते. गेल्या खेपेला एका मुलाने विचारलं, “मॅडम, जॅक स्पॅरो इथे आला असता तर कान्होजींनी त्याला पकडलं असतं का?” मी म्हटलं, दस्तक नसेल तर नक्की. पोरं खूश.

बाबू_मालवणकर

मेघनाताय, जॅक स्पॅरोन दस्तक खोटा बनवन आणल्यान असता. आणि कान्होजीन ता ओळखल्यान असता. ह्योच पिक्चर होऊक होयो!

आंबोळी_चटणी

बाबू, तू लिही, मी तिकीट काढते. खरंच, असा पिक्चर आपल्याकडे का होत नाही?

फ्रेमबायफ्रेम

पाण्यावरचं चित्रीकरण हा जगातल्या सगळ्या निर्मात्यांना घाम फोडणारा प्रकार आहे, म्हणून. दुसऱ्या भागाचा खर्च सुमारे साडेबावीस कोटी डॉलर्स झाला (कमाई जगभरात शंभर कोटींच्या वर गेली, ते सोडा). या भागासाठी ब्लॅक पर्ल खरोखर तरंगणारं, चालणारं जहाज म्हणून बांधलं. एका आधुनिक बोटीच्या सांगाड्यावर जुनं जहाज चढवलं. आणि कुठे? अलाबामा राज्यात बायू ला बात्र नावाच्या गावात, जिथे एरवी कोळंबीच्या बोटी बांधतात! मला हे फार आवडतं. त्या गावातल्या सुतार-वेल्डर लोकांनी पर्ल उभं केलं.

बहामाजमधल्या सेटवर २००५ मध्ये विल्मा नावाचं चक्रीवादळ आदळलं, काम बंद पडलं, नुकसान झालं, पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. समुद्रावर पिक्चर काढायचा तर हे सगळं पदरात येतं.

हर्णैचा_वारा

चक्रीवादळाचं आम्हाला नको सांगू रे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, वर्ष उलटतंय तोवर मे महिन्यात तौक्ते. सेट पुन्हा बांधता येतो. सुपारीची बाग पुन्हा उभी राहायला किती वर्षं जातात ते इकडे येऊन बघा.

पण बोटी बांधणाऱ्यांचं म्हणशील तर आपल्याकडेही लाकडी बोट डोळ्यांच्या अंदाजाने बांधणारे मिस्त्री अजून आहेत. कागदावर रेघ न ओढता फळी वाकवतात. त्यांना सांगितलं की गुराब बांधायची आहे, पैसे आणि चित्र दिलं, तर बांधून देतील. काम आहे तोवर विचारून घ्या, फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्या हाताला काम कमी झालंय आणि त्यांची पोरं पुण्या-मुंबईला गेलीत.

गिर्येकर

वारा, तुमचा हा प्रतिसाद कुणा निर्मात्याने वाचावा. पहिलं दृश्य मी सांगतो: डिसेंबरातली सकाळ, वारा पडलेला, डर्बी जागीच डुलतंय, आणि क्षितिजावर वल्ह्यांची रांग. मागे संगीत नको. वल्ह्यांचा आवाज पुरे.

सुकाणू

आणि संभाजी आंग्र्यांचा आवाज भारदस्त हवा!

चौलची_मेघना

बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ या का? सगळं वाचून मी काल रात्री दुसरा भाग परत लावला. मत तेच आहे, पहिला उजवा. पण एका जागी थांबले. शेवटी एलिझाबेथ जॅकला डोलकाठीला बेडीने बांधते आणि इतरांना सांगते की तो स्वतःहून मागे राहिला. पहिल्या भागातली राजकन्येसारखी मुलगी इथे सर्वांचा जीव वाचवण्यासाठी एकाचा बळी देते आणि खोटं बोलते. जॅक तिच्यावर चिडत नाही, उलट त्याला कौतुक वाटतं. पहिल्या भागात इतकं धारदार काही नाही, हे खरं. फक्त त्यानंतर गोष्ट मध्येच तुटते आणि वर्षभर थांबायला लावते, म्हणून तो पूर्ण पिक्चर मला वाटत नाही.

गिर्येकर

मेघनाताई, मला ते तुटणंच आवडतं! दुसरा आणि तिसरा भाग त्यांनी एकत्रच चित्रित केले, त्यामुळे गोष्ट एका दमात सांगितल्यासारखी आहे. आणि ज्या माणसाने अख्ख्या पिक्चरभर देणं चुकवलं तो शेवटी बेड्यांतून हात सोडवून घेतो, पळायला जागा नाही हे बघतो आणि तलवार उपसून क्राकेनच्या जबड्यात चालून जातो. थिएटरात मी उभा राहिलो होतो. लोक ओरडले, बसा खाली. बसलो नाही.

देवरुखची_स्मिता

आत्ताच धागा सापडला, सगळा वाचून काढला. एक व्यावहारिक प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही अजून एकही भाग दाखवलेला नाही. सुट्टीत तिला कुठल्या भागापासून दाखवू?

हर्णैचा_वारा

स्मिताताई, पहिल्यापासून. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच पिंजऱ्यातल्या कैद्याचा डोळा कावळा काढतो, लहान मुलांना ते नको. ते दृश्य पुढे ढकला आणि मग चालू करा.

गिर्येकर

स्मिताताई, मीही पहिल्यापासूनच म्हणेन. नॉरिंग्टन आधी किती कडक इस्त्रीचा अधिकारी होता हे पाहिलेलं असेल तरच दुसऱ्या भागात तो डुकरांच्या चिखलात लोळलेला बघून पोटात तुटतं. तिसरा भाग दाखवाल तेव्हा त्या सभेच्या प्रसंगाला पिक्चर थांबवा आणि संभाजी आंग्रे खरे कोण होते ते तिला सांगा. आणि विजयदुर्गाला आलात तर कळवा, गोदीवर न्यायला मी येतो. फक्त ओहोटीची वेळ बघून या.

देवरुखची_स्मिता

नक्की कळवते! मे महिन्यात येऊ, तिला खेकडेही धरायचे आहेत.

बाबू_मालवणकर

विजयदुर्गासून मालवणाक पण येवा. आजयेक तुमच्या चेडवाक माकूल खाऊक घालूचो हा. खरो, पिक्चरातलो न्हय.